दाताची फाईल वेगळी

"एका फायलीत एकच विषय. दुसरा विषय आत शिरला, की दोघंही मेले म्हणून समज."

हा आवाज एकतीस वर्षांपूर्वीचा, आमच्या अभिलेख कक्षाच्या तेव्हाच्या हेडक्लार्कांचा. बारीक, दम्यानं चाळून निघालेला, दर तीन शब्दांनी श्वासासाठी थांबणारा. जणू बोलतानासुद्धा ते दोन शब्दांच्या मध्ये एक कोरा कागद घालत असत. मी नोकरीवर रुजू झालो त्याच दिवशी फुटलेल्या पाइपाची तक्रार रस्त्याच्या फायलीत लावली होती. पाइप रस्त्याखालून जात होता, एवढाच माझा गुन्हा. त्यांनी तो कागद मेलेल्या पालीसारखा दोन बोटांनी उचलला, पाण्याच्या फायलीत ठेवला आणि वरचं वाक्य उच्चारलं.

काही माणसांना तरुणपणी प्रेम होतं, काहींना क्रांती होते. मला फायली झाल्या.

आज त्या कक्षाचा प्रमुख मी आहे. आमच्याकडे कागद हरवत नाही. फक्त जिथं शोधाल तिथं नसतो. हीच शिस्त मी घरी आणली. विजेची फाईल पिवळी, पाण्याची निळी, शिवणयंत्राची राखाडी. शिवणयंत्र जाऊन बारा वर्षं झाली, फाईल आहे. लग्नाच्या पहिल्या वर्षी बायकोनं विचारलं होतं, "अहो, माझी फाईल कुठल्या रंगाची?" मी पूर्ण गांभीर्यानं म्हणालो, "विषय अजून निश्चित झालेला नाही." ती केवढी हसली होती. तेव्हा ती पुष्कळ हसायची.

तर या शिस्तीपायी मी मरता मरता कसा वाचलो, ते सांगतो. सांगण्यासारखं काही नाही, हे आधीच कबूल करतो. शूर माणसं वाघाच्या तावडीतून सुटतात. मी एका दाढेच्या तावडीतून सुटलो, तेही नीट नाही.

तीन वर्षांपूर्वी माझ्या हृदयातली एक झडप बिघडली आणि तिच्या जागी धातूची बसवली. तिचा आवाज येतो. खोली शांत असली की टिक, टिक, टिक, टिक, शेजारच्या खोलीत कुणी वाटाणे सोलून ताटात टाकतंय असा. सुरुवातीला पाहुणे घड्याळ शोधायचे. या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवायची एक गोळी मला रोज घ्यावी लागते, जन्मभर. रक्त घट्ट झालं तर झडप अडकते. फार पातळ झालं तर ते मिळेल त्या वाटेनं बाहेर पडतं, आणि काही वाटा अशा असतात की बाहेर पडल्याचं कळतसुद्धा नाही. म्हणून दर महिन्याला रक्त तपासून एक आकडा काढतात. रक्त जितकं पातळ, तितका आकडा मोठा. माझा आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये राहायला हवा, आणि तीन वर्षं मी त्याला त्या कुंपणात राखला होता. आमच्या हृदयाच्या डॉक्टरांनी एकदा "छान" असं म्हटलं होतं. त्या शब्दाखाली त्यांची सही घ्यायचं माझ्या मनात होतं.

हृदयाची फाईल लाल. तिच्या आतल्या खिशात डॉक्टरांनी दिलेलं एक कार्ड होतं, जवळ बाळगायचं. मी ते एकदा वाचलं आणि रीतसर फायलीला लावून टाकलं. लावलेला कागद पुन्हा वाचायचाही असतो, हे आमच्या खात्यात कुणी शिकवत नाही.

मग एका गुरुवारी डाव्या बाजूची खालची दाढ ठणकू लागली.

दुखणं म्हणजे असं की आधी ती एकटीच दुखत होती, दुपारी तिनं कानाला बोलावून घेतलं, संध्याकाळी कपाळाला. शुक्रवारी सकाळी आरशात पाहिलं तर डावा गाल भाड्यानं आणल्यासारखा. आणि पुढच्याच गुरुवारी कचेरीत नव्या ओळखपत्रांसाठी फोटो काढायचे होते. ते ओळखपत्र निवृत्तीपर्यंत गळ्यात वागवायचं. या गालानं मी निवृत्त होऊ इच्छित नव्हतो.

मी दार उघडेपर्यंत बातमी माझ्या आधी बाहेर पोचली होती. समोरच्या दारातल्या मावशी, ज्यांच्या नात्यात प्रत्येक रोगाचा एक माणूस आहे, त्या उंबऱ्यातच उभ्या होत्या.

"दाढ ना? माझ्या थोरल्या दिरांची अशीच सुजली होती."

"मग?"

"मग काय. चांगले होते हो स्वभावानं."

खालच्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापक राहतात. सगळी इमारत त्यांना हेडसर म्हणते आणि ते सगळ्या इमारतीला चौथीतली पोरं समजतात. त्यांनी माझा गाल वहीसारखा तपासला. "तोंड उघड. आणखी. जीभ बाजूला घे. हं. निष्काळजीपणा." मग आत जाऊन वर्तमानपत्राच्या कपट्यात गुंडाळलेल्या आठ गोळ्या घेऊन आले. "माझ्या गुडघ्याच्या. दुखणं कुठलंही असो, ही ऐकत नाही. सकाळी एक, संध्याकाळी एक."

"सर, ही गुडघ्याची आहे. माझी दाढ."

"गोळीला पोटात गेल्यावर गुडघा कुठला आणि दाढ कुठली, ते दिसतं का?"

त्यांच्या या एका वाक्यात माझ्या पुढच्या सगळ्या दुर्दशेचं शास्त्र होतं. मी ते शास्त्र सोडून फक्त गोळ्या खिशात घातल्या.

घरी जाऊन मी नवी हिरवी फाईल उघडली. वर ठळक अक्षरांत लिहिलं: दात. आत एक कोरा कागद लावला, क्रमांक एक. लाल फाईल शेजारच्याच कप्प्यात होती, हाताला तिची कड लागलीसुद्धा. पण हृदयाचे कागद दातांच्या दवाखान्यात नेणं म्हणजे पाण्याची तक्रार रस्त्याच्या फायलीत लावणं. बायको दारात उभी राहून बघत होती.

"फक्त हिरवीच नेताय?" तिनं विचारलं.

"दाताकडे चाललोय. आणखी कुठली नेऊ?"

"हं," ती म्हणाली.

माझ्या बायकोच्या 'हं'ला अनेक अर्थ आहेत. त्यांची सूची करावी असं मला पुष्कळदा वाटलं, पण विषय निश्चित होईना.

दातांच्या डॉक्टरीणबाई, मला मुलगी असती तर तिच्या वयाच्या होत्या. त्यांनी एक छापील कागद भरायला दिला. असा कागद समोर आला की माझ्या मनाला पंख फुटतात. नाव, वय, व्यवसाय, सगळं सुवाच्य भरलं. 'चालू औषधे' या रकान्याशी मी थबकलो. रकाना कुठल्या कागदावर आहे? दाताच्या. मग विचारणा कशाबद्दल? अर्थातच दाताच्या औषधांबद्दल. मी लिहिलं: नाही. 'मागील शस्त्रक्रिया'? दातावर कधीच झाली नव्हती. लिहिलं: लागू नाही. खाली सही, तारीख. तीन वर्षांपूर्वी ज्याची छाती मधोमध उघडून परत शिवली होती, त्या माणसानं हे निळ्या शाईत लिहिलं आणि अक्षर चांगलं आलं म्हणून मनातल्या मनात खूषही झाला.

बाईंनी तोंडीही विचारलं. "बीपी, शुगर?"

"नाही." हे खरंच होतं.

"कुठली गोळी रोज चालू?"

"दातासाठी काही नाही."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. पण बाहेर दोन रोगी कण्हत होते आणि माझा चेहरा, अर्ध्या भागात का होईना, इतका प्रामाणिक आहे, की त्यांनी पुढं विचारलं नाही. "दाढ काढावीच लागेल. पण आत पू झालाय, आधी सूज उतरू दे. सात दिवस अँटिबायोटिक देते. पुढच्या शनिवारी काढू."

आता योगायोग पाहा. म्हणजे योगायोग नव्हेच, मी स्वतः बांधलेला बांध होता तो. आमच्या कोपऱ्यावरचा औषधवाला तीन वर्षं मला रक्त पातळ करायची गोळी देतोय. त्याच्याकडे ही चिठ्ठी नेली असती तर तो माणूस काउंटरवरून उडी मारून आला असता. पण तो हृदयाचा औषधवाला. दाताची औषधं मी दातांच्या दवाखान्याखालच्या दुकानातून घेतली, कारण विषय वेगळा.

घरी येऊन पाकिटं जेवणाच्या टेबलावर ठेवली. बायकोनं ती उचलली, उलटीसुलटी करून वाचली, परत ठेवली. तोंड उघडलं, मिटलं, आणि ताटं मांडायला गेली. मी त्या वेळी हिरव्या फायलीत चिठ्ठी क्रमांक दोन लावत होतो.

पहिले तीन दिवस म्हणजे माझ्या नियोजनाचा विजयच. सकाळी दाताच्या गोळ्या, तासाभरानं गुडघ्याची गोळी, संध्याकाळी पुन्हा त्याच क्रमानं, आणि रात्री जेवल्यावर नेहमीची हृदयाची. प्रत्येकीची वेळ वेगळी, डबी वेगळी. पोटात गेल्यावर त्यांची गाठभेट होते हे माझ्या गावीही नव्हतं. दाढ निमूट झाली. गाल परत माझा झाला. चावता येत नव्हतं म्हणून पालेभाजी सुटली. दूध, केळी आणि पातळ भात यांवर मी तान्ह्या बाळासारखा वाढत होतो.

मंगळवारी सकाळी दाढी करताना हनुवटीवर जरा पातं लागलं. जरासंच, रोज लागतं तसं. पण रक्त थांबेना. कापूस लावला, कापूस भिजला. तुरटी लावली, तुरटी गुलाबी झाली. शेवटी कापसाचे चार बोळे चिकटवून मी कचेरीत गेलो. दुपारपर्यंत हातांवर निळे-जांभळे डाग दिसू लागले. पिशवीचा बंद जिथं दाबला होता तिथं एक, फायलींच्या कपाटाची कड लागली तिथं दुसरा, आणि दंडावर पाच बोटं उमटावीत असे पाच. बसमध्ये कंडक्टरनं "पुढे सरका" म्हणून धरलं होतं, त्याची पाच बोटं.

टंकलेखिका बाई माझ्या टेबलाशी आल्या. इकडे-तिकडे बघून खुर्ची जवळ ओढली.

"सर, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा."

"घरी सगळं ठीक आहे ना?"

"ठीक म्हणजे, दाताचा जरा त्रास…"

"अगंबाई! दातसुद्धा पाडला?"

माझ्या लक्षात यायला थोडा वेळ गेला. त्या थोड्या वेळाचा अर्थ कचेरीनं कबुली असा लावला. चहापर्यंत तीन मजल्यांना कळलं, की अभिलेख कक्षाच्या प्रमुखांना घरी मार खावा लागतो. चहाच्या रांगेत ज्यांच्याशी माझं वीस वर्षांत बोलणं नाही, अशा एका गृहस्थांनी गुपचूप माझा खांदा दाबला. (तिथंही डाग पडला.) चार वाजता साहेबांनी आत बोलावून दार लावून घेतलं.

"बसा. हे बघा, पुरुषांनीसुद्धा बोललं पाहिजे आता. काळ बदललाय. मूळ कारण काय?"

"साहेब, पिशवीचा बंद."

साहेबांनी डोळे मिटले. "बंदानं मारतात?"

माझी बायको उंचीनं माझ्या खांद्याला लागते. मुंगीला वाट करून देताना मी तिला पाहिलं आहे. संध्याकाळी घरी जाऊन मी तिला हा सगळा प्रसंग रंगवून सांगितला. वाटलं, आता तरी पोट धरून हसेल. ती हसली नाही. तिनं माझी बाही वर सारली, दंडाकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. खोलीत टिक, टिक, टिक एवढंच ऐकू येत होतं.

"दुखतं?"

"छे. दिसतं तेवढंच. वय झालं की कातडी पातळ होते."

"डॉक्टरांना फोन करायचा?"

"कुठल्या? दाताच्या डॉक्टरांना हाताबद्दल विचारू?"

"हं," ती म्हणाली, आणि बाही खाली केली. बटण लावायला तिला नेहमीपेक्षा वेळ लागला.

गुरुवार उजाडला. फोटोचा दिवस. मी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला. रांगेत माझा नंबर अकरावा होता. छायाचित्रकार भिंतीला निळा पडदा लावून एकेकाला स्टुलावर बसवत होता. माणूस उत्साही होता. सरकारी ओळखपत्रावरसुद्धा माणूस जिवंत दिसावा अशी त्याची श्रद्धा.

"साहेब, खांदे सैल. हनुवटी वर. आता जरा हसा."

मी हसलो.

त्यानं कॅमेरा खाली घेतला. मागे सरला. "साहेब, पान खाल्लंय का?"

मी आयुष्यात पान खाल्लेलं नाही. जीभ फिरवली तेव्हा लोखंडासारखी चव लागली. हिरड्यांतून रक्त येत होतं, सगळ्याच हिरड्यांतून, जणू एकीनं सुरुवात केली आणि बाकीच्यांनी सूर धरला. मी रुमाल काढायला खाली वाकलो आणि नाकानंही वाट मोकळी करून दिली. पांढऱ्या सदऱ्यावर एक थेंब, दोन थेंब, मग मोजायचं काम उरलं नाही. निळ्या पडद्यापुढं पांढऱ्या कपड्यांत लाल मी. रांगेतल्या कुणीतरी हळूच म्हटलं, "आज तर नाकावरच…"

अशा वेळी शहाणा माणूस दवाखान्यात जातो. मी रजेच्या टेबलाकडे गेलो. रजा मंजूर झाल्याशिवाय कचेरी सोडल्याचा एकही प्रसंग माझ्या सेवापुस्तकात नव्हता.

रजेचे कारकून थंड माणूस. त्यांनी फॉर्म पुढं केला, माझं रक्त पडू नये इतक्या अंतरावर.

"कारण?"

"नाकातून रक्त," मी नाक धरून म्हणालो.

"पण तुमची शनिवारची रजा दाताच्या कारणानं मंजूर आहे. हे त्याचंच पुढचं आहे का?"

"नाही. नाक वेगळं, दात वेगळा."

"मग अडचण आहे. कारणाला एकच चौकोन आहे."

"दुसरा फॉर्म द्या."

"पहिल्या कारणाचा निकाल लागल्याशिवाय दुसरा फॉर्म देता येत नाही. मागे टीप तीन पाहा."

"ही असली टीप कुणी घातली?" मी जरा चढ्या आवाजात विचारलं, कारण रुमाल पूर्ण भिजला होता आणि तिसऱ्या मजल्यावरून माणसं बघायला येत होती.

त्यांनी फॉर्म उलटा केला. अगदी तळाला, बारीक अक्षरांत छापलं होतं: मसुदा, अभिलेख कक्ष. एकोणीस वर्षांपूर्वी तो मसुदा मीच केला होता. तो मंजूर झाला त्या दिवशी मी घरी पेढेच काय ते वाटायचे ठेवले होते.

मग मी खाली बसलो. म्हणजे बसायचं ठरवलं नव्हतं, पाय आपोआप दुमडले. चाळीस मिनिटं झाली तरी रक्त थांबत नव्हतं. टंकलेखिका बाईंनी आमच्या घरी फोन लावला. त्या काय बोलल्या ते मला पुढे कळलं. त्यांनी आधी विचारलं, "तुम्ही केलं का हे?" आणि मग सांगितलं, की लवकर या.

ती आली. घरच्या चपला, केस तसेच, आणि काखेत लाल फाईल नि हिरवी फाईल, दोन्ही एकत्र. मला त्या अवस्थेतसुद्धा तो रंगसंगम खटकला. सगळी कचेरी बाजूला सरून तिला वाट देत होती, थोड्या धाकानं. तिनं कुणाकडेही पाहिलं नाही. माझ्यासमोर उकिडवी बसली, माझं डोकं मागं टाकलेलं होतं ते पुढं वाकवलं, नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरला आणि म्हणाली, "तोंडानं श्वास घ्या. उठा. रिक्षा खाली उभी आहे."

"रजा…" मी म्हणालो.

तिनं रजेच्या कारकुनांकडे एकदा पाहिलं. रजा तत्काळ मंजूर झाली. कारणाचा चौकोन आजही कोरा आहे.

तातडीच्या विभागातले डॉक्टर तरुण होते, डोळे लाल, कपाळावर आठी. "काय काय औषधं चालू आहेत?"

"नाकासाठी…" मी सुरुवात केली.

बायकोनं दोन्ही फायली एकावर एक त्यांच्यापुढं ठेवल्या. लाल उघडली, पानं चाळली नाहीत, एकदम आतल्या खिशात बोटं घालून कार्ड काढलं. मग हिरवीतली चिठ्ठी क्रमांक दोन. मग पर्समधून वर्तमानपत्राचा कपटा, त्यात हेडसरांची उरलेली एक गोळी. तिन्ही ओळीनं मांडली.

डॉक्टरांची झोप उडाली. "धातूची झडप? आणि रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर हे अँटिबायोटिक? वर ही गुडघ्याची? आकडा कधी काढला होता?"

"बावीस दिवस झाले," ती म्हणाली. मला आठवत नव्हतं.

आकडा आला आठ पूर्णांक सहा. माझ्या आयुष्यात कुठल्याही परीक्षेत मी अपेक्षेच्या इतका वर गेलो नव्हतो.

संध्याकाळी हृदयाचे डॉक्टर स्वतः आले. ते कमी बोलतात. त्या दिवशी मात्र त्यांनी तीन वर्षांची शिल्लक काढली. काही अँटिबायोटिक अशी असतात, की त्यांच्यामुळं रक्त पातळ करणारी गोळी शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, साचत राहते. रक्त गोठायला जे जीवनसत्त्व लागतं ते करणारे आतड्यांतले जंतूही ती मारतात. पालेभाजीतून ते थोडं मिळालं असतं, तर मी ती सोडलेली. वर गुडघ्याच्या गोळीनं जठराला ओरखडे काढायचं काम चालवलेलं. "अँटिबायोटिक घ्यायचंच नाही असं नाही. पू झाला तर घ्यावंच लागतं. पण मला विचारायचं, तीन-चार दिवसांत आकडा काढायचा, गोळी कमी-जास्त करायची. शनिवारी या आकड्यावर त्यांनी दाढ काढली असती तर काय झालं असतं, माहीत आहे?"

मी मान हलवली. नाकात कापसाची लांबलचक पट्टी कोंबलेली होती, त्यामुळं मान एकाच दिशेनं हलत होती.

"त्या बाईंना सांगितलं का नाहीत?"

"त्या दातांच्या डॉक्टर आहेत."

"साहेब, तुमच्या दाताला मी वेगळं रक्त पुरवत नाही. जे हृदयातून जातं तेच तिथं जातं."

आयुष्यात माझा इतका थोडक्यात आणि इतका पूर्ण पराभव कुणी केला नव्हता. मग ते परिचारिकेशी बोलू लागले. त्या बोलण्यात विनोद नव्हता. गोळी बंद. रक्त घट्ट करायचं औषध अगदी थोडं, बेतानं, कारण जास्त झालं तर झडप अडकेल. दर काही तासांनी आकडा. डोकं दुखतंय का, उलटी होतेय का, बोलणं अडखळतंय का, दर तासाला विचारायचं. आज आणि उद्या काही सांगता येत नाही. हे शेवटचं वाक्य त्यांनी बायकोकडे बघून म्हटलं, माझ्याकडे नाही. आणि मला म्हणाले, "बोलायचं नाही. जोर पडतो, पुन्हा सुटेल."

शुक्रवारी भेटीच्या वेळेत इमारत आली. मावशी खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "थोरल्या दिरांपेक्षा तुमचा रंग चांगला आहे हो." हेडसर खुर्चीवर बसले ते मान वर करीनात. त्यांनी आपल्या गुडघ्यावर हात ठेवला, जणू गुन्हा त्याचा होता. म्हणाले, "मी विचारायला हवं होतं. पन्नास वर्षं पोरांना सांगत आलो, प्रश्न विचारा." मला त्यांची फार दया आली. मी खुणेनं सांगितलं, की चूक माझी. त्यांना वाटलं मी पाणी मागतोय. त्यांनी पाजलं.

आकडा सहावर आला. मग साडेचार. शनिवारी, ज्या वेळी दाढ निघायची होती बरोबर त्या वेळी, तीन पूर्णांक दोन. परिचारिकेनं नाकातली पट्टी हळूहळू ओढून काढली. संपेचना, मला वाटलं कचेरीतलं एखादं बाड निघतंय. रक्त आलं नाही. हृदयाचे डॉक्टर आकड्याकडे पाहून म्हणाले, "सोमवारी घरी जा. गोळ्या घरी कोण बघतं?"

"मीच," मी म्हणालो. दोन दिवसांतला माझा पहिला शब्द.

"आता दोघांनी बघा," ते म्हणाले आणि निघून गेले.

दुपार होती. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ भिंतीकडे तोंड करून झोपले होते. खिडकीतून आलेलं ऊन चादरीवर पडलं होतं, आणि त्या उन्हात तिचे हात होते, एकमेकांत गुंतलेले. माझ्या छातीतले वाटाणे बिनबोभाट ताटात पडत होते. मला काहीतरी गमतीचं बोलायचं होतं. आठ पूर्णांक सहाबद्दल एक बरं वाक्य मी दोन दिवस जुळवत होतो. मी तोंड उघडलं.

"तुम्ही बोलू नका," ती म्हणाली. "मला बोलायचंय."

मी तोंड मिटलं.

"मला माहीत होतं," ती हातांकडे बघतच म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. झडप बसवून घरी आलात, तेव्हा मी ती फाईल बघायला घेतली होती, आठवतं? तुम्ही माझ्या हातातून काढून घेतलीत. 'हे तुझ्या समजण्यातलं नाही,' म्हणालात. पाहुण्यांसमोर. त्यानंतर तुम्ही दर महिन्याला एकटेच दवाखान्यात गेलात. आणि तुम्ही कचेरीत गेलात की मी दर महिन्याला ती फाईल काढून वाचली. कार्ड मला पाठ आहे. 'कोणतेही नवे औषध सुरू करण्यापूर्वी विचारावे. अँटिबायोटिक असल्यास रक्त तपासून घ्यावे.' शुक्रवारी तुम्ही ती पाकिटं टेबलावर ठेवलीत ना, तेव्हा ते वाक्य माझ्या जिभेवर होतं, आणि मी ते गिळलं."

मी काही म्हणायला हात उचलला. तिनं तो परत चादरीवर ठेवला, पण सोडला नाही.

"म्हटलं, विचारतील. एकदा तरी विचारतील, की अगं, हे घेऊ का. दंड बघितला त्या दिवशी मला सगळं कळलं होतं. फोन करायचा का म्हटलं, तुम्ही उडवून लावलंत, आणि मी उडवू दिलं. बुधवारी सकाळी उशीवर डाग दिसला. मी अभ्रा बदलला, धुतला, वाळत घातला. आणि तरी बोलले नाही. तीन वर्षांचा राग होता हो, तो काही केल्या बोलू देईना. मी तुमच्यावर रुसून बसले होते, आणि तेवढ्यात तुम्ही मेला असतात. हे मला कुणाला तरी सांगायचं होतं. परवापासून आठवतेय, कुणाला सांगू. आणि सांगायला मला तुमच्याशिवाय कुणी नाही."